चार नंबरचा पाचवा फाऊल

ही हकीकत मी आजवर कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. काही वर्षांपूर्वी जुन्या बास्केटबॉल खेळाडूंवर एक स्मरणिका निघायची होती. तिच्यासाठी मी सहा जणांवर लेख लिहून दिले आणि शांतवन पाटोळेच्या बाबतीत 'माहिती उपलब्ध नाही' असं कळवून टाकलं. खरं म्हणजे त्याची माहिती माझ्याइतकी कुणाकडेच नव्हती. गेल्या थंडीत मी चिपळूणहून नगर जिल्ह्यात आठवडाभर जाऊन आलो. जायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली. जे पाहिलं, खाल्लं, ऐकलं ते सांगतो, आणि ज्यासाठी गेलो होतो तेही.

आधी शांतवन कोण ते सांगायला हवं. नगरच्या एका मिशन शाळेच्या मुरमाच्या मैदानावर तो अनवाणी खेळायला शिकला. तिथली रिंग लोहाराने तेलाच्या पिंपाच्या कड्यापासून केलेली होती आणि मापापेक्षा लहान होती. त्यामुळे पुढे खरी रिंग मिळाली तेव्हा ती त्याला विहिरीएवढी वाटायची, असं तो म्हणे. उंचीने बेताचाच. पण मधल्या रेषेजवळून चेंडू सोडायचा आणि तो आत जाणार हे ठाऊक असल्यासारखा पाठ फिरवून परत निघायचा.

पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या क्रीडा अधिकाऱ्याने त्याला एका स्पर्धेत पाहिलं आणि नोकरी दिली. पत्रावर 'खेळाडू-कामगार' असं लिहिलेलं होतं. सकाळी दोन तास स्टोअरमध्ये बसायचं, मग मैदान. खेळण्यासाठी पगार ही गोष्ट तेव्हा आपल्याकडे कुणाला खरी वाटत नसे. त्याचे वडील मिशनच्या बागेत माळी होते. त्यांनी ते पत्र काच लावून भिंतीवर टांगलं. तीन हंगाम तो आमच्याकडे खेळला. तिसऱ्या हंगामात भारतीय संघाच्या सराव शिबिराचं बोलावणं आलं.

मी त्याच कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होतो आणि सामन्यांना स्कोरर म्हणून बसायचो. आम्ही एका खोलीत राहायचो. तो मला मन्या म्हणायचा.

बास्केटबॉलमध्ये फाऊल झाला की पंच टेबलाकडे वळून खेळाडूचा नंबर बोटांनी दाखवतो. चार नंबर म्हणजे चार बोटं. चौदा म्हणजे एका हाताची मूठ आणि दुसऱ्या हाताची चार बोटं. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. त्या काळी आणखी एक रीत होती. ज्याच्या हातून फाऊल झाला त्याने स्वतः हात वर करायचा. बरेच जण अर्धवट करायचे. शांतवन पूर्ण करायचा, शाळेत हजेरी द्यावी तसा.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. शेवटची तीन-चार मिनिटं राहिली होती. पंचाची शिट्टी वाजली, त्याने नंबर दाखवला आणि नेमका त्याच्या आणि माझ्या मधून एक खेळाडू धावत गेला. मला चार बोटं दिसली. मूठ दिसली नाही. शांतवन चार नंबरचा, त्याच्या नावापुढे आधीच चार खुणा. मी पाचवी केली आणि लाल पाटी वर धरली.

तो टेबलापाशी आला. "मन्या, माझा नाय. नीट बघ," म्हणाला. मी कागदाकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. म्हणालो, पाच झाले. "खोटं लिवलंस तू," तो सगळ्यांदेखत ओरडला आणि त्याने टेबल उलटं केलं. शाईची बाटली कागदावर सांडली. फाऊल देणारा पंच दुसऱ्या टोकाला चेंडू धरून उभा होता. दुसऱ्या पंचाने शांतवनला मैदानाबाहेर काढलं. सामना आम्ही एका गुणाने हरलो.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्या पहिल्या पंचाने मला बाजूला घेऊन विचारलं, चार नंबरला का बसवलं? मी तर चौदा दाखवला होता, तो म्हणाला. टेबल पाडलं म्हणूनच काढलं ना त्याला? मी हो म्हणालो. तो त्याच दिवशी आपल्या गावी निघून गेला.

नंतर चौकशी झाली. चौकशी अधिकारी समंजस होते. फाऊल खरोखर त्याचा नसेल तर संतापाच्या भरात झालं म्हणून ताकीद देऊन सोडू, म्हणाले. पण फाऊल त्याचाच असेल, तर तो खोटं बोलला आणि वर टेबलावरच्या माणसाच्या अंगावर गेला. मग त्याला ठेवता येणार नाही. परगावी गेलेल्या पंचाला कुणी विचारलं नाही, सगळं माझ्या जबाबावर होतं. मी नोकरीत कायम होण्याचा तोच महिना होता. कारकुनाच्या चुकीने अंतिम सामना गेला हे वर कळलं तर काय होईल, याची भीती मला बसली. मी एक ओळ लिहून सही केली. पाचवा फाऊल चार नंबरचाच होता.

त्या दिवशी चार वेळा त्याचा हात वर गेला होता. पाचव्या वेळी, मी पाटी वर धरली तेव्हा, त्याचे दोन्ही हात खाली होते. आमच्याच संघातल्या चौदा नंबरच्या खेळाडूने त्याआधी हात वर केला होता का, ते मी पाहिलंच नाही, कारण मी मान खाली घालून खूण करत होतो. तो खेळाडूही गप्प राहिला. आता तो हयात नाही.

शांतवनची नोकरी गेली. शिबिराचं बोलावणं रद्द झालं. टेबल उलटणारा म्हणून दुसऱ्या कुठल्या संघाने त्याला घेतलं नाही. तो ट्रंक घेऊन नगरला गेला आणि मी नोकरीत कायम झालो.

नगर

पुण्याच्या स्टँडवर मी एक गाडी समोरून जाऊ दिली. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं आणि मी अहमदनगर शोधत उभा होतो. कंडक्टरने दुसऱ्या गाडीत बसवताना विचारलं, "बाबा, पेपर वाचीत न्हाई का?" गाडीतले सगळे मात्र नगरच म्हणत होते.

आमच्याकडे हवेत कायम ओल असते. इथे उतरल्याबरोबर ओठ सुकले. थंडीही वेगळी, कोरडी, थेट हाडांशी जाणारी. सकाळी एका गाडीवर चहा घेतला. आमच्या चहात आलं असतं, त्यांच्या चहात साखर. समोरून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग चालली होती आणि रस्त्यावर पडलेली कांडी बाया वेचत होत्या.

शाळा सापडली. मुरूम गेला होता, निळा रंग दिलेलं पक्कं मैदान होतं आणि त्यावर मुली खेळत होत्या. पायांत चांगले बूट, रिंगला काचेचा बोर्ड. त्यांच्या शिकवणाऱ्या बाईंना मी शांतवन पाटोळे हे नाव विचारलं. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. ऑफिसबाहेर लावलेल्या जुन्या खेळाडूंच्या फोटोंतही तो नव्हता.

मागच्या कंपाउंडात रत्नाकर नावाचे एक निवृत्त शिपाई राहतात. त्यांनी मला अंगणात बसवलं आणि पोहे मागवले. त्यांना तो चांगला आठवत होता. नोकरी गेल्यावर शांतवन दोन वर्षं या मैदानाकडे फिरकला नाही, समोरच्या रस्त्यानेसुद्धा जायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. दारू लागली. वडिलांनी भिंतीवरचं पत्र काढलं नाही म्हणून एकदा त्याने काच फोडली. मग सोनईकडच्या मामाने त्याला शेतावर नेलं.

मी विचारलं, आहे का तो?

"हाय की. घोडेगावच्या बाजारात असतो," रत्नाकर म्हणाले. मग माझ्याकडे जरा नवलाने बघून, "त्याची साक्ष ऐकली न्हाई तुमी? चर्चमधी उभं राहून सांगितलेली? आख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय."

कशाची साक्ष, ते मी विचारलं नाही. पोहे तसेच राहिले.

घोडेगाव

घोडेगाव नगरहून संभाजीनगरच्या रस्त्यावर आहे. बाजाराच्या दिवशी गाव दिसत नाही, गुरं दिसतात. टेम्पोतून उतरवलेल्या म्हशी, शिंगांना रंग दिलेले बैल, दावणीला हारीने बांधलेल्या गाई. आमच्याकडे गुरं विकायची ती शेजारच्या वाडीत, ओळखीत, जवळजवळ लाजत. इथे ते उघड आणि उत्साहाने चालतं. मी दहा पावलं गेलो नसेन, शेणावरून घसरलो आणि बसलो. एका हेड्याने, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याने, मला बगलेत हात घालून उठवलं, कॅनमधलं पाणी पायांवर ओतलं आणि गंभीरपणे सांगितलं, "बाबा, तुमच्या पायात दम न्हाई. तुमाला गिऱ्हाईक मिळायचं न्हाई."

सगळे हसले, मीही हसलो. त्यालाच मी शांतवनचं विचारलं.

"शांतूबाबा व्हय? त्यो काय लिंबाखाली."

कडुलिंबाखाली पांढरा सदरा आणि टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. पाठीत वाकलेला, पण पाय तसेच, खांद्याइतके फाकलेले. समोर एक शेतकरी होता. दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली होते आणि दोघेही दुसरीकडेच बघत होते. इथला सौदा असा होतो. आकडा तोंडाने बोलायचा नाही, समोरच्याची बोटं दाबून सांगायचा, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. शेजारच्या माणसाने मला हे समजावून दिलं आणि वर म्हणाला, "बाबाच्या हाताला चूक न्हाई. चाळीस वर्षांत एकदा पन आकडा चुकला न्हाई त्यांचा."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. खरंच दोन पावलं मागे आलो होतो. तेवढ्यात सौदा आटोपून त्याने रुमाल झटकला, मान वळवली आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"मन्या?" तो म्हणाला. "लई वाळलास रं."

त्याने मला मिठी मारली. त्याच्या सदऱ्याला गुरांचा वास होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो आणि त्याला ते प्रेम वाटलं. दहा-बारा हेड्यांना गोळा करून त्याने सांगितलं की हा माझा दोस्त, आम्ही एका ताटात जेवलेलो. तिथल्या तिथे बिगरदुधाचा गोड चहा आला. मी तो प्यालो.

सोनई रस्ता

त्याची वस्ती घोडेगावहून सोनईला जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. दोन खोल्या, पुढे कांदे साठवायची चाळ, एक गाय. बायको वारली. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर असतो. सून मार्था अंगणवाडीत आहे आणि सासऱ्याचं सगळं तीच बघते. आल्याआल्या ती हात जोडून "सलाम" म्हणाली. या भागातले ख्रिस्ती लोक असंच म्हणतात. मीही सलाम म्हणालो.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगुळे आणि ठेचा होता. शेंगुळे म्हणजे हुलग्याच्या, आमच्या कुळथाच्या, पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या. आम्ही कोकणात याच पिठाची पिठी करतो आणि भाताबरोबर खातो. भाकरी माझ्या कवळीला झेपेना. मार्थाने ती दुधात कुस्करून दिली. शांतवन म्हणाला, "ह्याला तवाबी दात नव्हते. कँटिनमधी माझ्या वाटचं पिवळं केळं खायचा."

हे खरं होतं. तो रोज मला आपलं केळं द्यायचा.

मग तो बोलत बसला. मामाच्या शेतावर आठ वर्षं राबला. शाळेत खेळ शिकवायची नोकरी मिळत होती, पण जुन्या कारखान्याचा दाखला मागितला आणि त्या दाखल्यावर 'गैरवर्तन' लिहिलेलं होतं. पोरांना शिकवावं म्हणून वस्तीवर बाभळीला कडं बांधलं, तर त्याचा स्वतःचाच हात उचलेना. त्यानंतर त्याने चेंडू धरला नाही. मुलाला कधी मैदानावर पाठवलं नाही. हे सगळं तो तक्रार नसल्यासारखं सांगत होता. ती तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्था अंगणवाडीत गेली होती. आम्ही दोघेच चाळीच्या सावलीत बसलो होतो. मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो. म्हणालो, "शांतवन, त्या फायनलचं मला तुझ्याशी बोलायचंय."

त्याने हात वर करून मला थांबवलं. "आज न्हाई. रविवारी. मलाच बोलायचंय, मन्या. तुझ्यासमोर, मंडळीसमोर. इतकी वर्सं वाट बघतोय. रविवारपर्यंत थांब, येवढं ऐक माझं."

मी थांबलो. वाटलं, त्याला कळलं असावं. सगळ्यांसमोर तो मला जाब विचारील आणि मी कबूल करीन. दोन दिवस मी त्याची तयारी करत होतो. सोनईच्या बाजारात त्याच्याबरोबर फिरलो, मोसंबी खाल्ली, त्याच्या गाईला चारा टाकला. जवळजवळ हलका झालो होतो.

रविवार

चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब खोली. चपला बाहेर, सतरंज्यांवर बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. आमच्या देवळातल्यासारखीच तबला-पेटी. भजनं मराठी, चालीही ओळखीच्या. डोळे मिटले असते तर मला आपलं गाव वाटलं असतं. प्रवचन झाल्यावर पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? म्हणजे आपल्या आयुष्यात काय घडलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. शांतवन उठला.

लोकांना ती पाठ होती हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. काही बायका त्याच्याआधीच माना हलवत होत्या. तो म्हणाला, मी मोठा खेळाडू होतो आणि मला गर्व होता. मोठ्या सामन्यात माझ्या हातून पाचवा फाऊल झाला. मला तसं वाटलं नव्हतं. मी हात वर केला नाही. माझा मित्र मला म्हणाला, तुझे पाच झाले. मी त्याला खोटा म्हणालो, चारचौघांत, आणि त्याच्या अंगावर टेबल पाडलं.

"दहा वर्सं मी म्हनत राहिलो, माझा नव्हता, माझा नव्हता," तो म्हणाला. "दारू पीत राहिलो आन् म्हनत राहिलो. मग येका रात्री इचार केला. मन्या लिहून देतो म्हंजे खरंच आसनार. त्यो माझ्या ताटातला मानूस. त्यो कशाला खोटं लिहील? म्हंजे खोटा मी. ज्या दिवशी हे कबूल केलं, त्या दिवशी दारू सुटली."

मग तो माझ्याकडे वळला. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकला, माझ्या पायांपर्यंत येऊ बघत होता. दोघांनी त्याला धरलं.

"मन्या, मी तुला खोटा म्हनालो. मला माफ कर."

सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. मार्था पदराने डोळे पुसत होती. पाळक म्हणाले, पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो. जे सांगायला मी इतक्या लांब आलो होतो ते सांगायची यापेक्षा चांगली जागा आणि वेळ असूच शकत नव्हती. तो उभा होता, लोक होते, प्रश्नही त्यानेच विचारून ठेवला होता.

मी म्हणालो, "शांतवन फार मोठा खेळाडू होता. माझ्या मनात काही नाही." आणि खाली बसलो.

म्हणजे मी त्याला माफ केलं.

परतताना तो रस्त्याने वाकलेल्या पाठीने, पण भराभर चालत होता. म्हणाला, आता कधीबी जायला मोकळा. मी त्याच्या मागून चालत होतो. दुसऱ्या दिवशी त्याने मला गाडीत बसवलं, खिडकीतून पिशवीभर मोसंबी दिली आणि गाडी हलेपर्यंत हात धरून ठेवला.

परत

चिपळूणला आल्यावर बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो की त्याची शांती मोडू नये म्हणून मी गप्प राहिलो. ज्या कबुलीने त्याची दारू सुटली, ती कबुलीच चुकीची होती हे ऐंशीच्या घरातल्या माणसाला कसं सांगायचं? हे कारण चांगलं आहे. पण ते मला गाडीत बसल्यावर सुचलं. चर्चमध्ये उभा होतो तेव्हा मनात फक्त एवढंच होतं की हे सगळे लोक आता माझ्याकडे कसे बघतील. चौकशीच्या खोलीतही अगदी असंच वाटलं होतं. मधल्या काळात माझं वय वाढलं, बाकी काही नाही.

पत्र दोनदा लिहिलं. त्याला आता बारीक अक्षर दिसत नव्हतं, मार्थाला वाचून दाखवावं लागलं असतं. या सबबीवर ते टेबलाच्या खणात राहिलं. उन्हाळ्यात पुन्हा जाऊ, समोरासमोर बोलू, असं ठरवलं.

होळीनंतर मार्थाचा फोन आला. बाबा गेले. बाजारातून आले, पाणी मागितलं आणि गेले. खूप लोक आले होते, हेडेसुद्धा, ती म्हणाली. पाळकांनी मातीच्या वेळी त्यांची साक्ष पुन्हा सांगितली. स्वतःचं खोटं कबूल करणारा माणूस कसा असतो, ते तरुणांनी यांच्याकडून शिकावं, म्हणाले. "तुमचं नाव पण घेतलं काका. माफ करणारा मित्र म्हणून." मी फोन ठेवून दिला.

मार्थाला हा मजकूर मी पाठवणार आहे. पाळकांनाही. शाळेतल्या त्या बाईंनाही. पण ज्याला तो सांगायचा होता, तो आता ऐकायला नाही.

शांतवन, तू खोटं बोलला नव्हतास. पाचवा फाऊल तुझा नव्हता. मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि तरी मी तुझ्या विरुद्ध लिहून दिलं. माफी तू मागायची नव्हतीस. मला माफ कर.